छातीचा एक्स-रे: मुंबईत कुठे काढावा आणि कशावर अडून बसावं

छातीच्या एक्स-रेत किरण अंगातून जातात ते सेकंदाच्या काही शतांश भागापुरते. पैसे द्यायचे ते त्याच्या आधीच्या पाच-सात मिनिटांचे आणि नंतरच्या रिपोर्टचे. म्हणून मुंबईतल्या सोयींची तुलना करताना एसी, सोफा आणि ॲपवरचं बुकिंग यांना इथे फारसे गुण दिलेले नाहीत. तपासणी जुनी आहे (रॉन्टगेनला हे किरण सापडले ते १८९५ साली), स्वस्त आहे, साधी आहे. आणि साधी म्हणूनच ती सगळ्यात घाईत उरकली जाते. महागड्या यंत्रावर टाकाऊ फिल्म निघते आणि जुन्या यंत्रावर हात बसलेला टेक्निशियन झकास फिल्म काढून देतो, असं या शहरात सर्रास दिसतं.

सुरुवात चिठ्ठीपासून. डॉक्टरांनी ‘एक्स-रे चेस्ट पीए’ एवढंच खरडलं असेल तर तिथेच थांबवून चिठ्ठीवर दोन शब्द वाढवून घ्या: खोकला किती दिवस, ताप आहे का, पूर्वी टीबी झाला होता का, विडी-सिगारेट आहे का. रिपोर्ट लिहिणाऱ्या रेडिऑलॉजिस्टने तुम्हाला बहुधा पाहिलेलंही नसतं. त्याच्यासमोर फक्त चित्र आणि चिठ्ठी असते. ‘तीन आठवडे खोकला, वजन घटलं’ असं वाचल्यावर तो कॉलरबोनच्या मागची जागा जितकी बारकाईने पाहील, तितकी नुसत्या ‘रुटीन’वर पाहणार नाही.

पीए म्हणजे किरण पाठीकडून शिरून छातीकडून बाहेर पडतात. पेशंट छाती प्लेटला टेकवून उभा राहतो, यंत्राची नळी पाठीमागे साधारण १८० सेंटिमीटरवर. कारण सरळ आहे. हृदय छातीच्या पुढच्या बाजूला असतं. भिंतीला टेकवलेल्या हाताची सावली हाताएवढीच आणि रेखीव पडते, हात भिंतीपासून लांब नेला की सावली मोठी आणि पुसट होते, तसंच इथे. उलट बाजूने म्हणजे एपी काढला, तर चांगलं हृदयही फुगलेलं दिसतं. खाटेवर पडून काढलेल्या एक्स-रेवरून ‘हार्ट मोठं झालंय’ असं ऐकून घाबरलेल्या नातेवाइकांनी आधी फिल्मच्या कोपऱ्यात एपी लिहिलंय का ते पाहावं. पीएमध्ये हृदयाची रुंदी छातीच्या आतल्या रुंदीच्या निम्म्याहून कमी असली तर ती सर्वसाधारण मानतात. हे माप एपीला लावता येत नाही.

तयारी काहीच लागत नाही. उपाशीपोटी जायची गरज नाही, औषधं बंद करायची नाहीत. एकच गोष्ट न विसरता न्यायची: जुन्या फिल्म्स. दहा वर्षांपूर्वीचा डाग आजही तेवढाच असेल तर तो बहुधा भरून आलेल्या जखमेचा वण. जुनी फिल्म हाताशी नसेल तर तोच डाग तुम्हाला थेट सीटी स्कॅनपर्यंत घेऊन जाऊ शकतो. जुना नुसता रिपोर्ट नको, फिल्मच न्या. रिपोर्टमधल्या ‘स्मॉल ओपॅसिटी’चा (लहान पांढरट डागाचा) आकार शब्दांवरून ताडता येत नाही.

कपड्यांचा मामला मुंबईत जास्त बिघडतो. मंगळसूत्र, चेन, गळ्यातला ताईत, काळ्या दोऱ्यातला गंडा, जानव्याला बांधलेली किल्ली, पदराची सेफ्टी पिन, ब्राचे हुक, खिशातला लोकलचा पास आणि नाणी, हे सगळं फिल्मवर उमटतं. धातू पांढराशुभ्र दिसतो, त्यामुळे तो निदान ओळखू तरी येतो. खरा घोळ करतात त्या धातू नसलेल्या गोष्टी. खांद्यावरून पुढे आलेली जाड वेणी फुफ्फुसाच्या शेंड्यावर धूसर पट्टा उमटवते, आणि शेंडा हीच टीबीची नेहमीची जागा. जाड छपाईचा टी-शर्ट, दाट भरतकामाचा ब्लाउज, पाठीवर लावलेला वेदनाशामक पॅच, सगळ्यांची सावली पडते. केस वर बांधायचे, कमरेच्या वरचे कपडे काढून सेंटरचा सुती गाऊन घालायचा. ‘राहू द्या ताई, चालतं’ असं टेक्निशियन म्हणाला तर ते तुमच्या सोयीचं नसून त्याच्या घाईचं बोलणं समजा. मंगळसूत्र काढायचं नसेल तर आधी सांगा. ते तोंडात धरायला सांगणारे आहेत, पण तसं केलं तर मान खाली झुकता कामा नये, नाहीतर हनुवटी शेंड्यांवर येते.

आत गेल्यावर नीट काम होतं ते असं. तुमचं नाव आणि वय तुमच्याच तोंडून वदवून घेतात (गर्दीत दोन सुनीता एकामागोमाग असणं ही दुर्मीळ गोष्ट नाही). बायकांना पाळी चुकली आहे का, हे विचारतात. प्लेटची उंची तुमच्या खांद्याला जुळवतात. वरची कड खांद्यांच्या थोडी वर हवी. हनुवटी वर, छाती प्लेटला पूर्ण टेकलेली, वजन दोन्ही पायांवर सारखं. हातांचे पंजे उलटे करून कमरेवर, आणि कोपरं व खांदे पुढे ढकललेले. या अवघडलेल्या पोझचा उपयोग एवढाच, की पाठीवरची खांद्याची पाती फुफ्फुसांच्या बाहेर सरकतात. उजवी-डावी बाजू दाखवणारं शिशाचं अक्षर प्लेटवर लावतात. किरणांच्या आधी जो उजेडाचा चौकोन अंगावर पडतो, तो छातीपुरताच आखून घेतात.

मग श्वास. इथेच बहुतेक फिल्म्स बिघडतात. भरपूर श्वास आत घेऊन धरला की फुफ्फुसं खाली उतरतात आणि डायफ्रॅमच्या (छाती आणि पोट यांमधल्या पडद्याच्या) वर मागच्या नऊ-दहा बरगड्या मोजता येतात. अर्धवट घेतला तर खालचा भाग दाटून पांढरट दिसतो, हृदय आडवं पसरतं, आणि रिपोर्टात ‘लोअर झोन हेझिनेस’, म्हणजे खालच्या भागात धूसरपणा, येतो. त्यावरून न्यूमोनियाच्या गोळ्या सुरू झालेली माणसं आहेत. ‘श्वास घ्या’ म्हटल्यावर कित्येक जण गाल फुगवतात नाहीतर खांदे उडवतात, छाती जागची हलत नाही. म्हणून चांगला टेक्निशियन आधी एकदा कोरडा सराव करून घेतो, पोटाकडे बघतो, आणि मग केबिनमधून बटण दाबतो. तो काचेआडून ‘साँस लो, रोको’ एका दमात म्हणून मोकळा होत असेल तर आपणच म्हणावं, एकदा करून दाखवतो, मग काढा. आजी-आजोबांना हे मराठीत आणि सावकाश सांगितलं की फरक पडतो. दम लागलेल्या माणसाला लांब श्वास धरवत नाही. त्याला दोन-तीन श्वास मोकळे घेऊ देऊन भरल्या छातीवर क्षण पकडावा लागतो.

इथे यंत्राची ताकदही कामाला येते. एमए म्हणजे यंत्राच्या नळीतला विद्युतप्रवाह, आणि एमएएस म्हणजे तो प्रवाह गुणिले सेकंद. १०० एमएच्या छोट्या यंत्राला १० एमएएस द्यायला सेकंदाचा दहावा भाग लागतो, ५०० एमएच्या यंत्राला पन्नासावा. या फरकात धडधडणारं हृदय आणि थरथरणारा पेशंट पुसट व्हायचे की नाहीत ते ठरतं. सेंटर निवडताना एकच तांत्रिक प्रश्न विचारायचा असेल तर हा विचारा: उभं राहून काढायचा स्टँड आणि ३०० एमए किंवा वरचं यंत्र आहे का? ‘डिजिटल आहे का’ हा प्रश्न आता निरर्थक झालाय, कारण उत्तर सगळीकडे ‘हो’ असतं. त्या ‘हो’मध्ये दोन प्रकार दडलेले असतात. सीआरमध्ये कॅसेट काढून रीडरमध्ये घालतात आणि चित्र यायला मिनिट-दोन मिनिटं लागतात. डीआरमध्ये काही सेकंदांत पडद्यावर येतं. डीआरचा खरा फायदा असा, की श्वास चुकला किंवा माणूस तिरपा उभा राहिला तर तुम्ही कपडे घालायच्या आत कळतं. चित्र आल्यावर टेक्निशियनने ते पाहून मगच ‘झालं’ म्हणायला हवं. तिरपेपणा ओळखायची खूण साधी आहे: दोन्ही कॉलरबोनची आतली टोकं मधल्या कण्यापासून सारख्या अंतरावर हवीत. माणूस वळलेला असला की एक फुफ्फुस काळं, दुसरं पांढरट दिसतं, आणि नसलेला आजार उगवतो.

किरणांची भीती बरीचशी अनाठायी आहे, पूर्ण नाही. एका पीए एक्स-रेचा डोस साधारण ०.०२ मिलिसिव्हर्ट (किरणांचा डोस मोजायचं एकक), माती, हवा आणि आकाशातून माणसाला वर्षाला जगाच्या सरासरीने २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतात, म्हणजे हिशेब तीन दिवसांच्या नैसर्गिक किरणांचा झाला. छातीच्या साध्या सीटीत याच्या दोनशे-तीनशे पट. गरोदर बाईला डॉक्टरांनी खरोखर गरज म्हणून सांगितला असेल तर छातीच्या एक्स-रेत गर्भापर्यंत ०.०१ मिलिग्रेपेक्षा (शोषलेल्या किरणांचं एकक) कमी पोचतं. सांगून, पोटावर ढाल घेऊन तो काढता येतो. न सांगता काढणं मात्र नको. शिशाचा एप्रन दिला नाही म्हणून इतरांनी भांडण्यात अर्थ नाही, छातीच्या पीएमध्ये पोट मुख्य झोताच्या बाहेर असतं. भांडायचं असेल तर उजेडाचा चौकोन मानेपासून मांडीपर्यंत उघडा सोडला असेल तेव्हा भांडा. किंवा तुमचा एक्स-रे चालू असताना पुढचा पेशंट त्याच खोलीत पडद्यामागे कपडे बदलत असेल तेव्हा. ही वेळ वाचवायची जुनी खोड काही ठिकाणी अजून जात नाही. यंत्रांवर देखरेख करणारं अणुऊर्जा नियामक मंडळ मुंबईतच, अणुशक्तीनगरला आहे. त्याचा परवाना सेंटरकडे हवा, खोलीच्या दाराबाहेर लाल दिवा हवा आणि टेक्निशियनच्या छातीवर डोस मोजणारा बॅज. बॅज ड्रॉवरमध्ये पडलेला असेल तर बाकी शिस्तही ड्रॉवरमध्येच असते.

लहान मुलांचं गणित वेगळं. ती उभी राहत नाहीत, श्वास धरत नाहीत. रडता रडता जो खोल श्वास घेतात तोच टेक्निशियन पकडतो. आई किंवा बाबा, एकानेच आत थांबायचं, एप्रन घालून, आणि मुलाचे हात डोक्यापाशी घट्ट धरायचे. आई गरोदर असेल तर बाबांनी जायचं.

फिल्म हातात आली की तिचा आकार बघा. प्लेट १४ बाय १७ इंचांची असली तरी खर्च वाचवायला ८ बाय १० वर, कधी साध्या कागदावर छापून देतात. कागदावर काळ्या-पांढऱ्यातल्या बारीक छटा मरतात. तो फाइलला लावायला ठीक, निदानाला नाही. मूळ चित्र डायकॉम फाइलमध्ये (वैद्यकीय चित्रांच्या ठरलेल्या डिजिटल स्वरूपात) मागा. ट्यूबलाइटसमोर फिल्म धरून काढलेला व्हॉट्सॲपचा फोटो पुण्याच्या भाचीला दाखवायला चालेल, पण त्यावर दुसरं मत मागू नका, देणाऱ्याची पंचाईत होते. आणि एक कळकळीची सूचना: फिल्म लॅमिनेट करू नका. हल्लीच्या बहुतेक फिल्म्स उष्णतेवर छापतात, लॅमिनेशनच्या गरम रोलरखालून ती पूर्ण काळी होऊन बाहेर येते. टीव्हीवर, खिडकीत, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. पावसाळ्यात मूळ पाकिटातच, आडवी न रचता उभी ठेवा.

आता रिपोर्ट. ‘बोथ लंग फील्ड्स क्लिअर, सीपी अँगल्स क्लिअर’ म्हणजे फुफ्फुसं स्वच्छ, आणि खालचे कोपरे मोकळे, म्हणजे तिथे दिसण्याइतकं पाणी नाही. ‘प्रॉमिनंट ब्राँकोव्हॅस्क्युलर मार्किंग्ज’ (श्वासनलिका आणि रक्तवाहिन्यांच्या रेषा ठळक) हे मुंबईत जणू रबरी शिक्क्यासारखं उमटणारं वाक्य. अपुरा श्वास, जाड बांधा, किंवा सॉफ्टवेअरने कडा जास्त उठावदार केल्या तरी ते येतं. पेशंटला त्रास नसेल तर एकट्या या ओळीवर उपचार होत नाहीत. ‘कॅल्सिफाइड ग्रॅन्युलोमा’ बहुतेक वेळा जुना, बसलेला डाग. ‘ओल्ड कॉक्स’ म्हणजे पूर्वीच्या टीबीचे वण. ‘कॉक्स’ एवढाच शब्द असेल तर प्रश्न खुला आहे. स्तनाग्राची गोल सावली गाठ समजली जाण्याचा प्रकार नेहमीचा. अशा वेळी लहानसं मार्कर चिकटवून पुन्हा काढलेली फिल्म सीटीच्या आधी मागता येते. रिपोर्टाखाली डॉक्टरांचं नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक हवा. दूर बसून वाचलेला रिपोर्ट वाईट नसतो, निनावी रिपोर्ट वाईट असतो. पुष्कळ ठिकाणी आता पहिलं वाचन कॉम्प्युटर करतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पंधरा वर्षांवरच्यांच्या टीबी चाळणीसाठी त्याला मान्यता दिली आहे, पण ती चाळणीसाठी; सहीचा माणूस तरीही लागतो.

एक्स-रे काय सांगत नाही, हेही पैसे देण्याआधी माहीत असावं. दमा असलेल्याचा एक्स-रे अनेकदा नॉर्मल येतो. फुफ्फुसातल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली तरी नॉर्मल येऊ शकतो. हृदयाच्या आड आणि डायफ्रॅमच्या खाली झाकलेला भाग पीएमध्ये नीट दिसत नाही, म्हणून कधी बाजूने दुसरा काढायला सांगतात. त्याचे पैसे वेगळे लागतात, फसवणूक नव्हे. कॉलरबोनआडचा शेंडा पाहायला मागे झुकवून काढतात तो एपिकोग्राम. न्यूमोनिया बरा झाला तरी फिल्मवरचा डाग मागे रेंगाळतो. ताप गेल्यावर चौथ्या दिवशी ‘बघू तरी’ म्हणून काढलेला एक्स-रे फक्त धास्ती वाढवतो. पुन्हा काढायचा तर सहा आठवड्यांच्या सुमारास, आणि तोही मुख्यतः पन्नाशीपुढच्या, विडी-सिगारेट ओढणाऱ्या किंवा त्रास चालूच असलेल्या माणसाचा.

टीबीचं वेगळं सांगायला हवं, कारण या शहरात छातीचा एक्स-रे सर्वांत जास्त ज्याच्या संशयाने काढतात तो हाच. एक्स-रे संशय निर्माण करतो, सिद्ध करत नाही. सिद्ध करायला थुंकी लागते: सीबीनॅट तपासणी, जिच्यात यंत्र दोनेक तासांत जंतू आहे का आणि रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद देतो का, दोन्ही सांगतं. औषधाला न जुमानणाऱ्या टीबीचं मुंबईतलं प्रमाण पाहता नुसत्या फिल्मवर सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू करणारा डॉक्टर दिसला तर आधी थुंकी तपासायचा आग्रह धरा. तपासणी आणि औषधं सरकारी कार्यक्रमात मोफत आहेत. २०१२ पासून खासगी डॉक्टरलाही प्रत्येक रुग्णाची नोंद कळवावी लागते. नोंद झाली की उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १,००० रुपये मिळतात, नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते ५०० होते. खोकला असेल तर एक्स-रेला मास्क लावूनच जा. ती खोली बंद असते, आणि हनुवटी टेकायची जागा तुमच्याआधी कोणीतरी वापरलेली असते. ती तुमच्यासमोर पुसली जाते का ते पाहा.

मग जायचं कुठे? केईएम, शीवचं लोकमान्य टिळक, नायर, कूपर ही पालिकेची, आणि भायखळ्याचं सरकारी जे. जे. इथे सर्वांत स्वस्तात काम होतं, आणि एक्स-रे विचित्र निघाला तर पुढचा माणूस, छातीचे डॉक्टर, सीटी, थुंकी तपासणी, सगळं त्याच आवारात असतं. त्याची किंमत वेळेत मोजावी लागते: आधी केसपेपर, मग ओपीडी, मग एक्स-रेची चिठ्ठी, मग पैसे भरायची खिडकी, मग रांग. सोमवार टाळा, सकाळी लवकर जा, आणि कुठल्या खिडकीवर आधी जायचं ते वॉर्डच्या मामा-मावशींना विचारा. बोर्डापेक्षा त्यांचं उत्तर ताजं असतं. साध्या एक्स-रेला लेखी रिपोर्ट मिळेलच असं नाही, बरेचदा ओपीडीतले डॉक्टर फिल्म थेट वाचतात. गुंतागुंतीच्या आजाराला आमची पहिली पसंती हीच.

गल्लीतलं स्वतंत्र सेंटर, जिथे रेडिऑलॉजिस्ट स्वतः बसतो, ते चार दिवसांच्या ताप-खोकल्याला सगळ्यात उत्तम. अर्ध्या तासात काम, काही शे रुपये, आणि शंका आली तर तो तुम्हाला आत बोलावून दोन प्रश्न विचारतो. फोनवर दर विचारताना ‘रिपोर्टसकट किती?’ असं विचारा. साखळी लॅबमध्ये यंत्रं नवी, फाइल मोबाइलवर, पण पॅकेज विकायची खटपट फार. त्रास नसलेल्या तिशीतल्या माणसाला दरवर्षीच्या चेकअपमध्ये छातीचा एक्स-रे लागतोच असं नाही, तो पॅकेज जड दिसावं म्हणून असतो. घरी येऊन काढलेला एक्स-रे फक्त खरोखर अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी: तो एपी असतो, अंतर कमी, श्वास अपुरा, आणि खोलीत बाकीच्यांनी थांबायचं नसतं. जिना उतरू शकणाऱ्या आजोबांसाठी सोय म्हणून तो मागवू नये. रिक्षाचं भाडं देऊन चांगली फिल्म मिळवावी.

परदेशी जाणाऱ्यांनी मात्र यातलं कुठलंच सेंटर आपल्या मनाने निवडू नये. कॅनडा, ऑस्ट्रेलियासाठी त्या देशाने नेमलेल्या डॉक्टरांकडे, आखातासाठी वाफिदने (आखाती देशांच्या वैद्यकीय तपासणीची ऑनलाइन यंत्रणा) दिलेल्या केंद्रावर, आणि सहा महिन्यांहून जास्त राहण्यासाठी ब्रिटनला जाताना त्यांच्या मान्यताप्राप्त क्लिनिकमध्येच काढलेला चालतो. बाहेरची फिल्म कितीही सुरेख असली तरी उपयोग नाही. मूळ पासपोर्ट न्या. ब्रिटनचं टीबी प्रमाणपत्र सहा महिने चालतं, त्यामुळे फार आधी काढून ठेवू नका, आणि अकरा वर्षांखालच्या मुलांचा एक्स-रे तिथे सहसा काढतच नाहीत.